हवेची जायची वाट

हर्षाचं हवेशी तसं काही वाकडं नव्हतं. उलट एम.एस्सी.ला असताना वायूंच्या पेपरात तिला शंभरात ब्याऐंशी मिळाले होते, आणि वरोऱ्याच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर पोरांना जे फिजिक्स शिकवायची, त्यात हवेचा धडा तिचा हातखंडा होता. असं असताना घुग्घुसच्या कोळसाखाणीच्या कॉलनीतल्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये हवेनंच तिची अब्रू काढावी, याला काय म्हणावं?

झालं ते रोशनीच्या घामोळ्यांवरून. रोशनी चौदा महिन्यांची. मे महिना लागला, पारा सेहेचाळीसवर गेला आणि पोरीची पाठ अशी दिसायला लागली, जशी कुणी मसुरीची डाळ चिकटवून ठेवली आहे. नेमक्या त्याच आठवड्यात, सोमवारी, चिमूरहून हर्षाच्या सासूबाई, कमलाबाई, नातीला बघायला आल्या. त्यांनी झबलं वर केलं, पाठ पाहिली, झबलं खाली केलं. नंतर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. कमलाबाई बोलतात तेव्हा भीती वाटत नाही. गप्प बसतात तेव्हा वाटते.

"पोरीले मी रविवारी चिमूरले घेऊन जाते," चहा संपल्यावर त्या म्हणाल्या. "आपलं घर मातीचं आहे. पंखा बी लागत नाई. इथी तं लेकरू शिजून राह्यलं."

"आई, पण कूलर आणलाय ना आम्ही."

"थे दिसून राह्यलं मले. कूलर बी आहे आन घामोळ्या बी आहेत. सहा दिवस देते. रविवारी अकराच्या गाडीनं वरोरा, तिथून चिमूर. पाठ साफ झाली तं मी एकटी जाईन."

हर्षाला सोबत जाता येणार नव्हतं. पुढच्या सोमवारपासून कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती, आणि तासिकेवरच्या माणसानं ड्युटी चुकवली की पुढच्या वर्षी तासिका त्याला ओळखत नाहीत. ड्युटीच्या वेळात रोशनीला शेजारच्या रीताकडे ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे आता लेक चिमूरला, आई घुग्घुसला. लेकीला रात्री कोणत्या कुशीवर झोप येते, खोकला साधा कोणता आणि काळजीचा कोणता, हे सगळं चिमूरला कोण बघणार? कमलाबाईंनी चार लेकरं वाढवली होती हे खरं, पण हर्षाच्या मते त्या काळी लेकरंच जरा मजबूत यायची.

आता कूलरचं सांगायला हवं. राजदीपनं, म्हणजे खाणीत नोकरीला असलेल्या हर्षाच्या नवऱ्यानं, तो चंद्रपूरहून टेम्पोत घालून आणला होता. राजदीपची कुठलीही खरेदी गरजेपेक्षा एक नंबर मोठी असते. लग्नातला त्याचा कोट अजून मोठा होतो. हा कूलर तर असा होता की खिडकीबाहेर स्टँडवर चढवल्यावर क्वार्टर कूलरला टेकून उभं आहे असं वाटायचं. वाळ्याच्या ताट्या, ऐंशी लिटर पाणी, आणि सुरू केला की विमान सुटल्यासारखा आवाज. पहिला तासभर गारही वाटलं. दुसऱ्या तासात चादर दमट झाली. दुसऱ्या दिवशी पापड मऊ पडले, मीठ पाझरलं, कपाटाचं दार फुगून बसलं आणि काडेपेटीतल्या काड्यांनी पेटायचं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या चौकटीतली एम.एस्सी.ची पदवी काचेच्या आत सुरकुतली. हर्षानं पाण्यात बर्फ टाकून बघितला, ताट्या बदलून बघितल्या. खोलीत भाताच्या कुकरमध्ये बसल्यासारखं व्हायचं आणि रोशनी रडून रडून लाल व्हायची.

मंगळवारी सकाळी समोरच्या क्वार्टरमधले देवरावभाऊ काडेपेटी मागायला आले. भाऊंनी पस्तीस वर्षं जमिनीखालच्या खाणीत काढली होती आणि निवृत्तीनंतर आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहून जमिनीवरचं जग सुधारायचं काम बिनपगारी हाती घेतलं होतं. काडी पेटेना. भाऊंनी एकेक करत सहा काड्या घासल्या, मग मान वर केली आणि खोलीकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या खोलीत रिटर्न कुठी आहे?"

"काय कुठंय?"

"रिटर्न. खाणीत हवा दोन वाटांनी फिरते. एका वाटीनं आत येते, थो इनटेक. दुसऱ्या वाटीनं भाईर जाते, थे रिटर्न. तुमची हवा येऊन तं राह्यली, जाते कुठून?"

हर्षानं चारही भिंतींवरून नजर फिरवली. हवा कुठूनही जात नव्हती. ती जाऊ नये म्हणून गेलं वर्षभर हर्षानंच रात्रंदिवस मेहनत केली होती.

घुग्घुसला धूळ दोन रंगांत मिळते, कोळशाची काळी आणि सिमेंटची पांढरी. खिडकी उघडी ठेवून झोपलं की सकाळी बाळाच्या गालावर दोन्हींची मिळून राखाडी पावडर बसलेली असते. रोशनी दोन महिन्यांची असताना एकदा खोकली, आणि त्या दिवसापासून हर्षानं घर बुजवायला घेतलं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. दाराखाली जुन्या लुगड्याची वळकटी. वर छताजवळच्या झरोक्याला पुठ्ठा. संडासाच्या खिडकीला थर्माकोल. स्वयंपाकघराच्या दाराला फोमची पट्टी, ज्यामुळे ते दार लावताना 'फुस्स' असा आवाज यायचा आणि राजदीप म्हणायचा, आपण पाणबुडीत राहतो. कॉलनीतल्या सगळ्याच बायका धुळीपायी दारं-खिडक्या बंद ठेवतात, पण हर्षाचं काम शिकलेल्या बाईचं होतं. मुंगीलासुद्धा आत यायचं तर आधी कळवावं लागलं असतं. आणि या अशा बरणीत आता ती दिवसभर ओली हवा भरत होती.

"बंद खोलीत कूलर म्हंजे," भाऊंनी समजावलं, "फुगलेल्या फुग्यात आणखी फुंकून राह्यले तुमी. हवा भाईर गेली तं नवी आत येईल ना."

हे वाक्य हर्षानं स्वतः दरवर्षी अकरावीच्या पोरांना वेगळ्या शब्दांत सांगितलेलं होतं. सूत्रासकट. कमलाबाई पाळण्याजवळून ऐकत होत्या. त्यांनी देवरावभाऊंना विचारलं, "तुमी कितवी शिकले जी?"

"सातवी. नापास."

"असं," कमलाबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या सुरकुतलेल्या पदवीकडे अगदी साध्या नजरेनं पाहिलं. हर्षाला ती नजर आजही आठवते.

पहिला उपाय राजदीपचा. त्यात काही तोडफोड नव्हती, म्हणून तो त्याला आवडला. कूलर ज्या खिडकीत होता, तिचंच बाजूचं तावदान त्यानं उघडलं. "घ्या. आली तिकडून, गेली इकडून." खोलीचा दमटपणा कमी झाला हे खरं, पण पाळण्यापाशी पानही हलेना. पाळणा होता समोरच्या कोपऱ्यात, आणि तो तिथून हलवायचा नव्हता. खोलीत पालीपासून, पंख्यापासून आणि स्विचबोर्डापासून सारखंच लांब असलेलं ते एकमेव ठिकाण हर्षानं फूटपट्टी घेऊन शोधलं होतं.

संध्याकाळी भाऊ अगरबत्ती घेऊन तपासणीला आले. त्यांनी ती कूलरसमोर धरली. धूर आत आला, दोन फूट चालला, वळला आणि तावदानातून निघून गेला.

"पाहिलं का? पाव्हणा आला, उंबऱ्यावर पाणी प्याला आन चालला गेला. याले आमी शॉर्ट सर्किट म्हणतो. लेकराच्या अंगावरून हवा गेली पाहिजे. रिटर्न समोरच्या भिंतीत लागते, वरच्या कोपऱ्यात."

दुसरा उपाय शेजारच्या रीताचा. रीता म्हणजे हर्षाची मैत्रीण, सल्लागार आणि विरजणाची हक्काची जागा. तिच्या आणि यांच्या क्वार्टरच्या मागे एकच सामाईक बोळ होता. "भिंत काहाले फोडता? वरचा झरोका आहे ना मागच्या बाजूनं. पुठ्ठा काढ ना त्याचा," ती म्हणाली. हर्षानं पुठ्ठा काढला. आणि काय सांगावं, हवा सुरू झाली. धूर पाळण्यापर्यंत नाही, पण निम्म्या वाटेपर्यंत गेला. बुधवारी रोशनी दुपारी सलग वीस मिनिटं झोपली. घरात आनंदीआनंद.

गुरुवारी दुपारी हर्षाच्या लक्षात आलं की रीतानं आपली बाज मागच्या बोळात, झरोक्याच्या बरोबर खाली टाकली आहे. ऐंशी लिटर पाणी रोज हर्षानं भरायचं आणि वारा खात रीतानं झोपायचं, हे मनाला जरा टोचलं. पण शेजारधर्म होता, शिवाय सोमवारपासून रोशनी तिच्याकडेच राहणार होती. हर्षा काही बोलली नाही. बोलल्या त्या कमलाबाई. आणि त्या बाजेबद्दल बोलल्याच नाहीत. रीतानं सकाळी पाठवलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाता खाता त्या खोलीत बसून अगदी सहज म्हणाल्या, "वडी चांगली आहे. फक्त याच्यात सांबार कुठी आहे थे विचारून ये. मी दोन खाल्ल्या, मले तं भेट नाई झाली."

कूलरचा झोत, त्यावर हे वाक्य, आणि समोर झरोका. हवा नेईल ते सगळंच नेते. बोळातली बाज करकरली. थोड्या वेळानं काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि झरोका बाहेरून काळोखला. रीतानं त्याला गादी लावली होती.

हर्षा मागच्या दारानं धावली. रीता गादीला बांबूचा टेकू देत होती.

"रीता, अगं, आईंच्या बोलण्याचं एवढं काय मनावर घेतेस?"

"मी कुठी मनावर घेतलं? गादीले ऊन दाखवून राह्यली."

"बोळात कुठंय ऊन?"

"येईल ना संध्याकाळी," रीता म्हणाली. "आन हर्षाताई, सोमवारचं थे रोशनीचं जमते का नाई, मी सांगते तुले. माह्या हातचं लेकराले गोड लागलं पाहिजे ना."

रीता तिला आजवर नुसती हर्षा म्हणायची. आज एकदम 'ताई'. आता रविवारी लेक चिमूरला गेली नाही, तरी सोमवारी ठेवायची कुठे हा प्रश्न होताच. एका वडीपायी. आत येऊन तिनं झरोक्याला पुठ्ठाही परत लावून टाकला.

उरली भिंत. पण भिंत कंपनीची. क्वार्टरमध्ये खिळा ठोकायचा तरी सिव्हिल सेक्शनची परवानगी लागते, असं करारात आठव्या कलमात लिहिलं आहे. तो करार कॉलनीत फक्त हर्षानं वाचला होता. बाकीच्यांनी एव्हाना मागे न्हाणीघरं बांधून भाड्यानं दिली होती. हर्षा शुक्रवारी सकाळी अर्ज घेऊन सिव्हिलच्या बाबूंसमोर उभी राहिली. बाबूंनी अर्ज दोनदा वाचला.

"म्याडम, इथी भोक बुजवाचा अर्ज चालते. पाडाचा आजपर्यंत कोणी आणला नाई."

"मग मी पहिलीच. नऊ इंच बाय नऊ इंच. आणि त्याला जाळी कंपनीनं लावून द्यावी असंही लिहिलंय."

"जाळी कशाले?"

"विंचू, साप." हर्षानं आवाज जरा खाली आणला. "शिवाय पेपरात सारखं येतंय, बिबट्या वस्तीत फिरतोय म्हणून."

बाबूंनी चष्मा काढला. "म्याडम, नऊ इंचातून बिबट येत नाई."

"पिल्लू?"

"पिल्लाची माय येऊ देणार नाई. ते बी तुमच्यासारखीच असंल." त्यांनी रजिस्टर ओढलं. माणूस वाईट नव्हता. "हे पाहा, माझ्यापाशी तक्रारीचं रजिस्टर आहे. नळ, संडास, दरवाजा, गळती आन इतर. अर्ज घ्याले रकाना नाई. पण तुमी एवढ्या उन्हाच्या आल्या, तं 'इतर'मध्ये टाकून देतो. 'भिंतीतील भोकाबाबत.' जे होईल थे होईल."

हर्षानं सही केली. घराच्या नळाची तिची तक्रार याच रजिस्टरात दोन वर्षांपासून विश्रांती घेत होती, त्यामुळे रविवारच्या आत काही होईल अशी आशा तिला नव्हती. घरी येऊन तिनं रोशनीचं झबलं वर करून पाहिलं. डाळ होती तेवढीच होती. कमलाबाईंनी पिशवी काढून तिची चेन चालते की नाही ते बघायला घेतलं होतं. चेन चालत होती.

तेव्हा हर्षानं आयुष्यात पहिल्यांदा एक कलम मोडायचं ठरवलं. ती समोर गेली. "भाऊ, छन्नी-हातोडी आहे का?"

देवरावभाऊंच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. भाऊंनी आधी खोलीचा नकाशा कॅलेंडरच्या मागे काढला. मग हवेला नीट वळण लागावं म्हणून, खाणीत लावतात तसा पडदा लावायचं ठरलं, आणि त्यासाठी कमलाबाईंचं हिरवं लुगडं खोलीच्या मध्ये दोरीवर आडवं टांगलं. "हवा सरकारी माणसासारखी असते," भाऊ म्हणाले. "वाट दाखवल्याशिवाय टेबलाहून टेबलाकडं जात नाई." मग स्टुलावर चढून त्यांनी कोपऱ्यात पहिला घाव घातला. विटेच्या लाल भुकटीचा ढग उठला आणि वर्षभर जिची एक चिमूट आत येऊ दिली नव्हती, ती धूळ हर्षाच्या डोळ्यांदेखत चादरीवर, पाळण्यावर, पदवीवर आणि तिच्या स्वतःच्या पापण्यांवर शांतपणे बसली. रोशनीला घेऊन ती अंगणात उभी होती आणि प्रत्येक घावाला दचकत होती. रोशनीला मात्र ठोकण्याचा आवाज भलताच आवडला. प्रत्येक घावाला ती टाळ्या वाजवत होती.

भोक आरपार गेलं त्याच वेळी राजदीप रात्रपाळी आणि वरचा ओव्हरटाइम उरकून घरी आला. दारातून आत पाऊल टाकलं तर समोर खोलीऐवजी हिरवं लुगडं. तो झोपेत होता. तसाच पुढे चालत गेला. लुगडं त्याच्याभोवती गुंडाळलं, दोरी तुटली, स्टूल हललं, आणि भाऊ खाली यायच्या आधी त्यांच्या हातातली हातोडी खाली आली. राजदीपच्या पायाच्या अंगठ्यावर. लुगड्याच्या आतून बराच वेळ कुणाला उद्देशून काय बोललं जात होतं ते कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

"पडदा काढाच लागते," भाऊ म्हणाले. "ट्राफिक भल्ली आहे इथी."

दुपारी अगरबत्ती लावली. धूर कूलरकडून निघाला, आडवा चालला, पाळण्याच्या वरून मऊपणे सरकला आणि कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर गेला. भाऊंनी डोळे मिटले. राजदीपनं अंगठा पाण्यात बुडवून ठेवला होता, पण त्यानंही मान डोलावली. आता खरं तर गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण भोकाकडे बघत हर्षा उभी होती, आणि भोक तिच्याकडे बघत होतं.

नऊ इंच. त्यातून साप येतो. तिनं राजदीपकडून जाड जाळी लावून घेतली. पण जाड जाळीतून विंचू येतो. तिनं त्यावर बारीक जाळी लावली. बारीक जाळीतून डास येतात, आणि डासातून काय काय येतं ते तिनं मोबाइलवर वाचलं होतं. तिनं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून ठोकला. आणि मच्छरदाणीतून धूळ येते. संध्याकाळी भाऊ गेल्यावर तिनं वरून एक मलमलचं कापड लावलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. मग ती शांतपणे झोपली.

रविवारी सकाळी मीठ पुन्हा पाझरलेलं होतं.

रोशनी पाळण्यात उठून बसली होती, मानेवर ताजे लाल ठिपके, आणि ओठ वाकडे करून रडायच्या तयारीत होती. कमलाबाई झबली घडी करून पिशवीत घालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट हर्षाकडे न बघता त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसाचं तं काम आहे. रोज फोन करीन. फोनवर दिसते ना ते आता."

 हर्षानं स्टूल ओढलं, कोपऱ्यात नेलं आणि त्यावर चढली. मलमलच्या कापडावर हात ठेवला. कापड फुगलेलं होतं, खोलीतली सगळी हवा त्याला आतून ढकलत होती. हर्षाला एकदम वाटलं, की वर्षभर हे सगळं ढकलणं आपल्या पाठीलाच लागत होतं. तिनं कापडाचे खिळे उचकटले. धूळ गेली खड्ड्यात. मग मच्छरदाणी ओढली. तिला जरा जास्त वेळ लागला, कारण डास म्हणजे डास. मग बारीक जाळी. तिचा शेवटचा खिळा काढताना हर्षानं विंचवाला मनातल्या मनात सांगितलं, की ये, पण माझ्याशी गाठ आहे. जाड जाळी मात्र राहू दिली. तेवढं आईनं आईसारखं असावं.

भोकातून सूं करून हवा बाहेर निघाली. मागे कमलाबाईंच्या हातातलं झबलं फडफडलं.

रोशनीनं रडायचं तोंड केलं होतं ते तसंच विसरून ती वर बघायला लागली. मग आडवी झाली. मग मूठ तोंडाशी नेली. साडेनऊला ती झोपली. दहा वाजले तरी झोपलेलीच. खोलीत एक वेगळाच, कोरडा गारवा होता, सकाळच्या रानातून येतो तसा. कमलाबाई पिशवी मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसल्या होत्या. घामोळ्यांवर हळूच फुंकर घालायला त्या वाकल्या आणि तशाच परत सरळ झाल्या. फुंकरीची गरज नव्हती.

सव्वादहाला दार वाजलं. बाहेर सिव्हिलचा मिस्त्री लच्छू उभा होता. हातात थापी, अंगणात सिमेंटचा माल कालवलेलं घमेलं, खिशात कागद.

"म्याडम, भिंतीतील भोकाबाबत तक्रार होती. बुजवाले आलो."

कॉलनीच्या इतिहासात सिव्हिलवाले तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी, तेही रविवारी, कधी आले नव्हते. हर्षा दारात आडवी उभी राहिली. "अहो, ती तक्रार नव्हती. शुक्रवारी भोक नव्हतंच तिथं."

लच्छूनं कागद पाहिला, मग आत वाकून भोक पाहिलं. "आता तं आहे."

"ते आम्हीच पाडलंय."

"मले लिहून दिलं, बुजवा. आन माल कालवला मी. उन्हात अर्धा घंटा बी नाई टिकत."

हर्षा पुढं काय बोलणार होती देव जाणे, पण त्याआधी मागून कमलाबाई आल्या. त्यांनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. "हळू. लेकरू झोपून राह्यलं."

"बाई, मले दहा मिनिटाचं काम..."

"थापीचा आवाज होते. उठलं तं झोपवशील तू? सहा दिवसांत पह्यल्यांदा अशी झोपली पोट्टी. बस तिथी. उठली का कर तुह्यं काम."

लच्छू पाळण्याशेजारच्या भिंतीला टेकून बसला. उन्हातून आलेला माणूस. बरोबर कूलर आणि भोक यांच्या मधल्या वाटेत. दोन मिनिटं त्यानं घड्याळ पाहिलं, तिसऱ्या मिनिटाला टोपी काढली. हर्षा दरवाजात उभी राहून ऐकत होती. आधी राजदीपचं घोरणं आतल्या अर्ध्या खोलीतून येत होतं, मग त्यात लच्छूचं मिसळलं. अकराला रस्त्यावरून वरोऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. हर्षानं सासूबाईंकडे पाहिलं. कमलाबाईंची मान छातीवर आली होती, पिशवी मांडीवरून घसरली होती, आणि दोन झबली बाहेर आली होती.

हर्षा अंगणात गेली. घमेल्यातला माल तिनं काडीनं टोचून पाहिला. काडी मोडली.

बारा वाजता रोशनी जागी झाली आणि लच्छूकडे बघून हसली. लच्छू दचकून उठला, बाहेर गेला, घमेलं उचलून उपडं केलं. घमेल्याच्या आकाराचा एक गोळा अंगणात पडला. त्यानं तो पायानं ढकलून पाहिला.

"सही करा म्याडम," शेवटी त्यानं कागद पुढं केला. 'काम पूर्ण झाले' असं त्यावर छापलेलं होतं.

"पण भोक तसंच आहे."

"माल तं लागला ना. भिंतीले लागला का अंगणाले, थे या कागदात विचारत नाई." त्यानं परत एकदा आत, कोपऱ्याकडे पाहिलं. "तुमी कोणाच्या हातानं पाडलं भोक? आमच्याबी घरी पाहिजे होतं."

विद्यार्थ्यानं चुकीची पायरी लिहिली तर अर्धा गुणही न देणाऱ्या हर्षानं सही केली, तारखेसकट. त्या क्षणापासून कंपनीच्या दप्तरी त्या भिंतीत भोक नव्हतं.

आत कमलाबाईंनी रोशनीचं झबलं वर केलं होतं. मानेवरचे सकाळचे ठिपके फिके पडले होते. पाठीवर अजून डाळ होती, पण आता ती सुकायला लागली होती. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"गाडी गेली," त्या म्हणाल्या.

"उद्या आहे ना आई, अकराचीच," हर्षा भीत भीत म्हणाली.

"उद्या तुह्यी ड्युटी. पोरीजवळ कोण राहील? थे रीता तं आता बोलणार बी नाई माह्यामुळं." कमलाबाईंनी झबली पिशवीतून काढून परत फळीवर ठेवली, नीट, घडीवर घडी. "मी राहते पंधरा दिवस. मंग पाहू. आन संध्याकाळी मले रीताकडं घेऊन चाल. तिले सांबार नेऊन देतो आपण, दोन जुड्या."

"आई, सांबार नको. तिला वाटेल पुन्हा टोमणाच."

"मंग काय नेऊ?"

हर्षानं विचार केला. "झरोक्याचा पुठ्ठा काढून ठेवू. तिची बाज परत येईल."

कमलाबाईंना ते पटलं. त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि फोन मागितला. चिमूरला रोशनीचे आजोबा, नानाजी, एकटेच होते. हर्षानं फोन लावून दिला.

"मी नाई येऊन राह्यली," कमलाबाई म्हणाल्या. "नाई, तब्येत चांगली आहे सगळ्यायची. आइका, कोंबड्या शेजारी देऊन टाका पंधरा दिवस आन उद्याच्या गाडीनं इकडं या. आन येता येता आपल्या लेकीले, लक्ष्मीले बी घेऊन या, तिच्या दोन्ही लेकरायले. हो. जागा आहे. हवा बी आहे भल्ली."

हर्षानं खोलीकडे पाहिलं. एक पाळणा, एक पलंग, आठ माणसं. मग ती दारात गेली. समोरच्या ओट्यावर देवरावभाऊ पेपर वाचत बसले होते.

"भाऊ," तिनं हाक मारली, "खाणीत माणसं वाढली की हवेचं काय करतात?"

भाऊंनी पेपरची घडी केली, चपला पायात सरकवल्या आणि छन्नी आणायला आत गेले.